मुंबईहून जगप्रदक्षिणेचे तिकीट
स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या समूहाचे ‘राउंड द वर्ल्ड’ तिकीट मुंबईकरांना खरोखर सोयीचे आहे, कारण एअर इंडिया २०१४ पासून या समूहात असल्याने पहिले आणि शेवटचे उड्डाण घरच्याच विमानतळावरून जोडता येते. एकच दिशा धरून, अटलांटिक आणि पॅसिफिक प्रत्येकी एकदाच ओलांडून, वर्षभराच्या आत निघालेल्या देशात परतायचे, हा नियम मला जाचक वाटत नाही. आखणीला त्याची मदतच होते. कसोटी लागते ती व्हिसाची. युरोपातील बहुतेक देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिन्यांहून आधी अर्ज करता येत नाही, आणि अमेरिकेत केवळ विमान बदलायचे असले तरी भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतोच. म्हणून दीर्घ प्रवासाला निघणाऱ्यांनी पश्चिमेची दिशा धरून युरोप आधी गाठावा, असे मी आग्रहाने सुचवेन.