टेन्स मशीन, सात महिन्यांनंतर: सगळा जीव त्या तारेत

परवा माझ्या टेन्स मशीनची, म्हणजे कातडीवर चिकटवलेल्या पट्ट्यांतून हलका करंट देऊन दुखणं कमी करणाऱ्या डबीची, तार पिनेपाशी तुटली. नुसती तार मागितली तर सर्व्हिसवाला म्हणतो, सुटी मिळत नाही, नवा सेट घ्या. मशीन ठणठणीत आणि हा मला सेट विकतोय! त्या रागातच लिहायला बसलेय.

मशीन काय करतं ते तुम्हाला माहीत असेलच. मेलझॅक आणि वॉल या वेदना-संशोधकांनी १९६५ साली गेट कंट्रोलचा सिद्धांत मांडला, त्यातलंच हे. स्पर्शाच्या जाड नसा चाळवल्या की दुखण्याचा निरोप मज्जारज्जूतच थोडा अडतो. कोपर आपटलं की आपण चोळतो, तेच काम बॅटरीवर. माझ्या कमरेला लावलं की तासभर बरं वाटतं, काढलं की गाडी मूळपदावर. रोज एकच सेटिंग ठेवलं तर शरीर सरावतं, म्हणून मी फ्रिक्वेन्सी, म्हणजे करंटच्या ठोक्यांचा वेग, बदलत राहते. पट्ट्यांचा चिकटपणा गेला की लगेच फेकू नका, पाण्याचा थेंब बोटाने फिरवा, आणखी काही दिवस निघतात. पेसमेकर असेल तर या वाटेला जाऊ नका.

आता तार. लांब, पांढरीफेक, कुर्त्याखालून डोकावणारी. पहिले दोन महिने माझी मुख्य तक्रार हीच होती. मग एकदा भर मीटिंगमध्ये ती बाहेर लोंबली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण शेजारची उठून स्वतःची चांगली खुर्ची देत म्हणाली, "अगं, एवढं दुखतं? बोलली नाहीस कधी!" तीन वर्षं मी दुसरं काय बोलत होते?

त्या दिवशी मत फिरलं. तार हेच या मशीनचं सर्वांत कामाचं फीचर.

अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये दिसणारा कलंक आणि लपवता येणारा कलंक असा फरक केला होता. लपवता येतो त्याची कटकट वेगळी: कुणाला सांगायचं, किती सांगायचं, हे रोज नव्याने ठरवा. एमआरआय नॉर्मल आल्यापासून माझं हेच चाललं होतं. आधी मी बोलावण्यांना नाही म्हणायचे, पुढे बोलावणीच थांबली. उरला दुखणेकऱ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप. तिथे कुणी पुरावा मागत नाही, हे सुख मोठं. पण रात्री दोनला दुसऱ्याची कंबर वाचत पडलं की आपलीही जास्त ठणकते.

हल्ली मात्र तारेचाही राग येतो. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये व्याख्या सुधारली, तेव्हा सोबतच्या टिपांत स्पष्ट म्हटलं की माणूस दुखतंय म्हणाला तर त्याच्या सांगण्याचा मान ठेवावा. तारेची अट त्यात कुठेच नाही. इथे मशीन न लावता गेले की लगेच "आज बरी दिसतेस" आणि वर दोन कामं जास्त. खरं सांगते, चार्जिंग संपलेलं असतानाही दोन-तीनदा मी ती नुसतीच लावून गेलेय.

मशीनला साडेतीन स्टार, सर्व्हिसला शून्य. सुटी तार कुठे मिळत असेल तर कळवा. दोन पिनांची. काळीही येते म्हणतात, पण मला पांढरीच हवी.