‘वुडलॉन’: बघावा असा सिनेमा, पण १९६३ वाचून मग

अर्विन बंधूंचा ‘वुडलॉन’ (२०१५, सुमारे दोन तास) अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये १९७३-७४ साली घडतो. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या वेगळ्या शाळा कोर्टाच्या हुकमानं एकत्र झाल्या आहेत, मुलांत रोज मारामाऱ्या होतात आणि वुडलॉन हायस्कूलच्या फुटबॉल कोच टँडी जेरल्ड्सना संघ बांधता येत नाही. हँक नावाचा धर्मोपदेशक जिममध्ये मुलांशी येशूबद्दल बोलतो आणि जवळजवळ अख्खा संघ उभं राहून त्याला प्रतिसाद देतो. पुढची गोष्ट टोनी नेथन या कृष्णवर्णीय रनिंग बॅकची, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूची. हाच नेथन पुढे अलाबामा विद्यापीठाकडून आणि मायामी डॉल्फिन्स या व्यावसायिक संघाकडून खेळला.

सिनेमाची खरी ताकद मैदानात आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जावं लागतं. रनिंग बॅक कितीही वेगवान असला तरी पुढचे पाच लाइनमन समोरच्यांना अडवतात तेव्हाच त्याला वाट मिळते. एकानं जरी मन लावून ब्लॉक केला नाही, तर रनिंग बॅक जागेवरच आपटतो. वर्णद्वेष मनात ठेवून हा खेळ खेळता येत नाही, कारण दुसऱ्याच्या अंगाला मार बसू नये म्हणून आपलं अंग मध्ये घालावं लागतं. नेथनची भूमिका करणारा केलेब कॅस्टील स्वतः अलाबामा विद्यापीठाचा माजी खेळाडू असल्यामुळे त्याची धाव, वळण, पडणं कुठंही खोटं वाटत नाही.

लीजन फील्ड या स्टेडियमवरचा १९७४चा बँक्स हायस्कूलविरुद्धचा सामनाही नीट उभा केलाय. प्रत्यक्षात त्याला सुमारे ४२ हजार लोक आले होते, आणि वुडलॉन हरलं होतं. श्रद्धेचं बक्षीस म्हणून विजय हातात न ठेवणं, हा या सिनेमाचा सर्वांत प्रामाणिक निर्णय आहे.

खटकतं ते समेटाचं घाईघाईत उरकणं. सप्टेंबर १९६३मध्ये याच शहरात सोळाव्या रस्त्यावरच्या बाप्टिस्ट चर्चमध्ये बॉम्बस्फोट होऊन चार कृष्णवर्णीय मुली मारल्या गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात समान हक्कांसाठी निघालेल्या मोर्चातल्या कृष्णवर्णीय शाळकरी मुलांवर कुत्रे आणि पाण्याचे बंब सोडले गेले. दहा वर्षांनी याच शहरातली मुलं एका लॉकर रूममध्ये बसतात, तेव्हा त्यांच्या घरांतली भीती एका भाषणानं विरघळत नाही. कृष्णवर्णीय चर्चनं आधीच पेललेला हा भार पडद्यावर फार थोडा दिसतो. नेथनच्या घरापेक्षा कॅमेरा कोच आणि हँकजवळच जास्त रेंगाळतो. क्षमा कोण मागतं, कोण करतं, कशाबद्दल, हे स्पष्ट बोललंच जात नाही.

सरकारी शाळेतल्या प्रार्थनेचा वादही एकाच बाजूनं मांडलाय. शाळेनं ठरवलेली प्रार्थना १९६२मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं घटनाबाह्य ठरवली होती, कारण प्रार्थना लिहून देणं हे सरकारचं काम नाही. सामन्यानंतर मैदानात एकट्यानं प्रार्थना करणाऱ्या कोचच्या बाजूनं २०२२मध्ये निकाल लागला, पण तो मुद्दा वेगळा.

चर्चच्या युवा गटाला किंवा शाळेच्या संघाला दाखवणार असाल, तर आधी १९६३ची पंधरा मिनिटं माहिती द्या. जिममधल्या प्रसंगानंतर थांबवा आणि विचारा: उभं न राहिलेल्या मुलाला उद्याच्या सरावात कसं वागवाल? मग पुढचा भाग लावा.