आळेफाट्याजवळच्या गॅरेजात पिकअपचे ब्रेक सेट करून घेतले, माझा अनुभव

माझी पिकअप २०१० ची. ओतूरहून कांदा, टोमॅटो भरून माळशेज उतरून कल्याणला जाते आणि येताना बहुतेक वेळा रिकामीच. दोन वर्षांपूर्वी लोड जास्त असतो म्हणून मागं एक जादा पाटा (स्प्रिंगची पट्टी) टाकला, तेव्हापासून भरलेल्या गाडीला ब्रेक कमी वाटायला लागला, घाट उतरताना पुढच्या ब्रेक पॅडचा जळका वास यायचा, पॅड पटापट संपायचे आणि मागचे लायनर (ड्रमला आतून घासून ब्रेक लावतात ते) मात्र तसेच्या तसे. एका मिस्त्रीला दाखवलं तर त्याने मागच्या अ‍ॅक्सलवरून वर मागच्या ब्रेकचं प्रेशर कमी-जास्त करणाऱ्या व्हॉल्व्हला जो दांडा जातो तो तारेने वर बांधून टाकला, म्हणाला आता मागचा ब्रेक फुल लागेल. लागला पण. मग जुलैत टोकावड्याजवळ पावसात रिकामी गाडी घेऊन येताना गाय आडवी आली, ब्रेक दाबला तर मागची चाकं जाम झाली आणि गाडी मागून फिरून रस्त्यात आडवी. समोरून कोणी आलं नाही म्हणून वाचलो. मुलगा शेजारी बसला होता, अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

मग ओळखीच्या एका ड्रायव्हरने आळेफाट्याच्या अलीकडचं हे छोटं गॅरेज सांगितलं, दोन गाड्या उभ्या राहतील एवढंच शेड आहे. मिस्त्रींनी खाली वाकून तार बघितली आणि आधी ती कापली. मग मला खाली बोलावून नीट दाखवलं की माल भरला की चासी (गाडीचा सांगाडा) खाली बसते, अ‍ॅक्सल जवळ येतो, दांडा उचलला जातो आणि व्हॉल्व्ह मागं जास्त प्रेशर सोडतो. गाडी रिकामी असली की कमी सोडतो, कारण ब्रेक मारला की वजन पुढं जातं, मागची चाकं हलकी पडतात आणि लगेच घसरतात. माझा जादा पाटा चासीला खाली बसूच देत नव्हता, म्हणजे हौद्यात दीड टन कांदा असला तरी व्हॉल्व्हच्या हिशोबाने गाडी अर्धी रिकामीच! एवढी वर्षं गाडी चालवतोय पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

दांड्याला हात मात्र त्यांनी सगळ्यात शेवटी लावला. आधी मागचे ड्रम उघडले, डाव्या बाजूचा व्हील सिलिंडर (ब्रेक ऑइलच्या जोराने लायनर ड्रमवर दाबतो तो) गळत होता आणि लायनर ऑइलने भिजलेले, ते बदलले (दोन्ही बाजूचे, एकाच बाजूचे बदलले तर गाडी ओढते म्हणाले). हँडब्रेकची केबल ढिली करून मग लायनर अ‍ॅडजस्ट केले, चाक जाम होईपर्यंत आवळायचं आणि हाताने मोकळं फिरेल इतकं मागं घ्यायचं. मग नवीन ब्रेक ऑइल टाकून चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा काढली. दांड्याचं सेटिंग करताना गाडी जॅकवरून उतरवून सपाट जागेवर चाकांवर उभी केली, जॅकवर अ‍ॅक्सल खाली लोंबतो त्यामुळे माप चुकतं. त्यांच्याकडे प्रेशर बघायचे दोन गेज आहेत, एक पुढच्या लाइनला आणि एक मागच्या लाइनला लावून आकडे बघत बघत दांडा थोडा थोडा सरकवला. नंतर मोकळ्या मातीच्या जागेत रिकामी गाडी पळवून जोरात ब्रेक मारून बघितला, पुढची चाकं आधी जाम व्हायला पाहिजेत, मागची कधीच नाही.

दीड दिवस गेला आणि एक फेरी बुडाली, बसायला धड जागा नाही, बिल साध्या कागदावर. पण जुने पार्ट स्वतःहून हातात दिले. आता भरलेली गाडी माळशेज उतरताना वास येत नाही, पावसात रिकामी पण सरळ थांबते.

तिथं जाणार असाल तर गाडी रिकामी न्या आणि पाटे किती आहेत, माल साधारण किती भरता ते खरं खरं सांगा, सेटिंग त्याच्यावरच करतात ते. पुढं कधी पाटा काढला किंवा वाढवला तर परत दाखवायला आणा असं मला बजावून सांगितलंय.