पीव्हीए फिल्ममध्ये नॅनोसिलिका: पावडर घ्यावी की सोल?

बडोद्यात कलाभवनातला एम.टेक.चा प्रकल्प असो की मकरपुरा जीआयडीसीतलं छोटं कोटिंग युनिट, पीव्हीएच्या (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, पाण्यात विरघळणारा पॉलिमर) द्रावणात नॅनोसिलिका, म्हणजे सिलिकाचे अतिसूक्ष्म कण, घालायची म्हटली की दोन वाटा असतात. एक फ्युम्ड सिलिकाची, म्हणजे ज्वाळेत बनवलेल्या सिलिकाची, कोरडी पावडर, दुसरी पाण्यात तयार मिळणारी कोलॉइडल सिलिका, म्हणजे सोल. बहुतेक जण आधी किलोचा भाव विचारतात. फिल्म पारदर्शक हवी की द्रावण घट्ट करायचंय, हे आधी ठरवा, भाव नंतर.

पावडरच्या माहितीपत्रकावर ‘12 नॅनोमीटर’ असतं. एरोसिल 200 या फ्युम्ड सिलिकाचे मूळ कण खरंच तेवढे असतात, ग्रॅममागे पृष्ठभाग 200 चौरस मीटर. पण ज्वाळेत बनतानाच ते एकमेकांत वितळून जोडले जातात. सोनिकेटरने (द्रावणात बुडवलेल्या प्रोबमधून, म्हणजे धातूच्या दांड्यातून, ध्वनिलहरी सोडणारं यंत्र) गुठळ्या फुटतात, हे जोड सहसा सुटत नाहीत. म्हणून एका मर्यादेपुढे प्रोब कितीही चालवा, कण लहान होत नाहीत. प्रोबच्या टोकाचं टायटॅनियम तेवढं झिजून द्रावणात उतरतं. पॉलिमर घातल्यावर तर प्रोब नकोच. पीव्हीएच्या लांब साखळ्या मधल्या भागात तुटतात, द्रावण पातळ होतं आणि डिस्पर्शन (कणांचं द्रावणात पसरणं) सुधारलं असं वाटतं! आधी नुसत्या पाण्यात पावडर, भांडं बर्फात, प्रोब थांबून थांबून. पॉलिमर नंतर.

सोलमध्ये हा खटाटोप नाही. कण गोल, सुटे, ऋण प्रभारामुळे एकमेकांपासून लांब. बाटली उजेडात धरली की निळसर झाक दिसते. पण सोल बिघडतो तो पीएचमुळे. नेहमीच्या सोडियमवाल्या सोलचा पीएच 9 ते 10, पीव्हीएचं द्रावण साधारण 5 ते 7, आणि सिलिका सगळ्यात लवकर जेल होते ती 5-6 च्या आसपास. तेव्हा पीव्हीए आधी अमोनियाने 9 पर्यंत आणा. मग ढवळत ढवळत सोल पॉलिमरमध्ये ओता, उलट नको. कणांच्या मानाने पॉलिमर कमी पडला तर एकच साखळी दोन कणांना धरते आणि गुठळी होते. सोल चुकूनही फ्रीजरमध्ये ठेवू नका. एकदा गोठला की गेला.

पारदर्शक फिल्मसाठी मी डोळे मिटून सोल घेईन, सोलमधल्या निम्म्याहून जास्त पाण्याचं वाहतूक-भाडं भरावं लागलं तरी. उभ्या पृष्ठभागावरून ओघळू नये असं कोटिंग हवं असेल तर मात्र पावडरच. तिच्या त्याच न सुटणाऱ्या साखळ्या जाळं विणतात.

टोल्युइनमधल्या पॉलिस्टायरिनला यातलं काहीच लागू नाही. तिथे सिलेन (पृष्ठभाग पाणी झटकणारा करणारं रसायन) लावलेली पावडर बघा, एरोसिल आर 972 सारखी. त्यातही सावध राहा: पॉलिमर कणांना चिकटतच नसेल तर मोकळ्या साखळ्या कणांना एकमेकांकडे ढकलतात. असाकुरा आणि ओओसावा यांनी हे 1954 मध्येच मांडलं होतं. अशा वेळी पॉलिमर वाढवला तर गुठळ्या वाढतात, म्हणून चाचणी पातळ द्रावणावर न घेता प्रत्यक्ष वापरायच्या प्रमाणावरच घ्या.