चांदणी शांत झाली नव्हती, तिला गुंगी दिली होती

बुजरं घोडं महिनाभरात लहान मुलाच्या हाती देण्याइतकं शांत करून देतो, असं छातीठोक सांगणारी माणसं यात्रांच्या हंगामात हमखास भेटतात. तशाच एकाने आमच्या घोडीची काय दशा केली आणि आमच्याकडून पैसे कसे काढले, ते सविस्तर लिहिते आहे. सारंगखेडा, माळेगावसारख्या यात्रांच्या घोडेबाजारातून नवीन जनावर घरी आणलेल्यांपर्यंत हे पोचावं म्हणून.

चांदणी मारवाडी जातीची. कुमैत म्हणजे तांबूस-तपकिरी रंग, कपाळावर पांढरा ठिपका, कानांची टोकं आत वळून एकमेकांना भिडणारी. दत्तजयंतीच्या यात्रेत, सारंगखेड्याला, तापीकाठी ती घेतली. विकणाऱ्याने काहीही लपवलं नव्हतं. आधी ती वरातीला जायची, एका लग्नात पायाशी फटाक्यांची माळ फुटली आणि तेव्हापासून ती बुजते, हे त्यानेच सांगितलं आणि किंमतही तशीच लावली. हे मुद्दाम लिहिते, कारण घोडे विकणारे सगळेच लबाड असतात असं माझं मुळीच म्हणणं नाही. आम्हाला फसवलं ते पुढच्या माणसाने.

तो स्वतःला उस्ताद म्हणवून घ्यायचा. फोनवर त्याचे व्हिडिओ फिरत होते: उधळणारं घोडं, आणि मग तेच घोडं मान खाली घालून उभं, पाठीवर चिमुरडं पोर. त्याने ५०,००० रुपये सांगितले. थोडे आगाऊ फोनवरून घेतले, बाकीचे रोख, आणि पावती मागितली तर म्हणाला, "ताई, जनावराच्या व्यवहारात कागद कशाला? जबान दिली ना!" घोडी त्याच्याच तबेल्यात राहणार, आणि आम्ही भेटायला यायचं नाही, ही त्याची अट. कारण काय, तर मालक दिसला की घोडं लाडात येतं आणि केलेली मेहनत पाण्यात जाते. हे धादांत खोटं आहे. जनावर ज्याच्याकडे परत जायचं त्याच्यासोबतच ते शिकायला हवं, आणि चांगला शिकवणारा मालकाला शेजारी उभा करून शिकवतो.

व्हिडिओ येत राहिले. चांदणी डोकं खाली टाकून उभी, बाजूला पत्रा वाजवला तरी ढिम्म. ताब्यात घ्यायला गेलो तेव्हा ती आधीच खोगीर चढवून सावलीत बांधलेली होती. मुलीला बसवलं, अंगणात फिरवलं, कुणीतरी सुतळी बॉम्ब फोडला. घोडीचा कानसुद्धा हलला नाही. निघताना त्याने बिनालेबलची पुडी दिली. कॅल्शियम आहे, रोज खुराकात घाला, संपलं की सांगा. पुडीचे ३,००० रुपये वेगळे.

घरी आल्यावर ती खरोखर गरीब गाय झाल्यासारखी वागत होती. पण खाण्यावर मन नाही, खालचा ओठ लोंबलेला, आणि सपाट रस्त्यावर ठेचकाळायची. एकदा मुलगी पाठीवर असताना ती गुडघ्यांवर कोसळली. मुलगी सुदैवाने बाजूला पडली. त्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं.

डॉक्टरांनी आधी डोळे पाहिले. आतल्या कोपऱ्यातली तिसरी पापणी बुबुळावर सरकलेली होती, ही गुंगीची खूण. मग तोंड उघडलं. जिभेवर आडवा जुना व्रण, ओठांचे कोपरे फाटून पुन्हा भरलेले. असे व्रण तोंडात बसणाऱ्या काटेरी लगामीने होतात, असं ते म्हणाले. काटे असलेली लगाम ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या नियमांनीच बंद केलेली आहे. पुडी हातात घेऊन त्यांनी एवढंच विचारलं, "ही बंद केली तर ही घोडी उद्या कशी वागेल, याची तयारी आहे ना?"

त्यांनी मग समजावून सांगितलं ते प्रत्येक घोडेवाल्याला माहीत असायला हवं. घोड्यांना गुंगी आणणारी औषधं असतात. एसिप्रोमाझिन, झायलाझिन ही नेहमीची. नाल मारताना, जखम शिवताना डॉक्टर ती वापरतात, आणि तिथे त्यांचा उपयोगच आहे. एसिप्रोमाझिन तोंडावाटेही देता येतं आणि त्याचा अंमल काही तास टिकतो. त्याने रक्तदाब उतरतो, पाय अडखळतात, म्हणून अशा घोड्यावर बसणं म्हणजे बसणाऱ्याच्या जिवाशी खेळ. दुखणं त्याने कमी होत नाही. नर घोड्यात लिंग लोंबून कायमचं अधू होण्याचाही धोका असतो. आणि भीती? ती तिथेच राहते, फक्त घोड्याला ती दाखवता येत नाही.

पुडी थांबवली आणि चांदणी परतली, पण यात्रेतून आणली होती त्याहून वाईट अवस्थेत. लगामीचा नुसता आवाज आला की डोकं वर फेकायची, माणूस उजव्या बाजूने आला की भिंतीला चिकटायची. उस्तादाला फोन केला. "तुमचा हात जड आहे, ताई. पुन्हा पाठवा, निम्म्यात करतो." त्यानंतर त्याने आमचा नंबर अडवून टाकला.

पुढचं काम पूर्वी स्टड फार्मवर मोतद्दार (घोड्यांची निगा राखणारे) असलेल्या एका मामांनी आमच्याकडून करून घेतलं. हे काम किती संथ असतं ते कळलं की ‘महिनाभरात’ हा शब्दच खोटा का आहे ते आपोआप कळतं, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

लगाम आणि खोगीर त्यांनी नजरेआड ठेवायला लावलं. फक्त मोरकी (तोंडात काही न घालता डोक्याला बांधायची दोरी), खरारा (अंग घासायचा ब्रश) आणि वेळ. घोड्याचे डोळे बाजूंना असतात. त्याला जवळजवळ चौफेर दिसतं, पण थेट कपाळासमोर आणि थेट शेपटीमागे दिसत नाही. म्हणून खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जायचं. मान पाठीला मिळते तिथे खाजवायचं, कारण घोडे एकमेकांना तिथेच खाजवतात आणि त्याने त्यांच्या छातीचे ठोके खरंच कमी होतात. प्लॅस्टिकची पिशवी लांबून दाखवायची. चांदणी ताठरली तर तिथेच थांबायचं. तिने सुस्कारा टाकला, तोंड चघळलं, मान सैल सोडली, की त्या क्षणी पिशवी मागे घ्यायची. दडपण नेमकं कधी काढून घेतलं, यावरूनच घोडं शिकतं.

ट्रॅक्टरची युक्ती मला फार आवडली. ट्रॅक्टर तिच्या अंगावर आणायचा नाही. तो पुढे चालवायचा आणि तिला लांबून मागे न्यायचं. भीतीची वस्तू आपल्यापासून दूर जाते आहे असं दिसलं की घोडं हळूहळू तिचा माग काढू लागतं, आणि मग हुंगायलाही जातं. पाठीवर आधी घडी घातलेलं पोतं, मग पोटावर आडवं झालेल्या माणसाचं वजन, मग थोडा वेळ बसणं, तेही मामांच्या म्हाताऱ्या घोड्याच्या मागोमाग. दिवाळीच्या फटाक्यांनी सगळं मागे गेलं आणि पुन्हा मोरकीपासून सुरुवात झाली. मामांना त्याचं काहीच वाटलं नाही. आज ती मुलीला घेऊन बांधावरून दुडक्या चालीने जाते. बँड वाजत असेल तर आम्ही तिला तिकडे नेत नाही.

यातून ओळखायची खूण मिळाली ती अशी. विश्वास आलेलं घोडं मेल्यासारखं उभं राहत नाही. त्याचे कान सतत फिरतात, एक कान बसणाऱ्याकडे असतो, नवी वस्तू दिसली की ते तिच्याकडे बघतं आणि मग तुमच्याकडे. ज्या घोड्याचा कान सुतळी बॉम्बलाही हलत नाही, त्याच्यावर मूल बसवू नका.

घोडं ताब्यात घेताना न सांगता, ठरल्या वेळेच्या बरंच आधी जा. खोगीर तुमच्यासमोर चढवायला लावा. तिसरी पापणी आणि जीभ बघा. शंका आली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडून रक्ताचा नमुना काढून ठेवा. औषध अंगातून निघून गेलं की पुरावाही जातो, आमचा तसाच गेला. आम्ही ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे. आगाऊ रकमेची नोंद, ते व्हिडिओ आणि तोंडाच्या जखमांबद्दलचा डॉक्टरांचा लेखी अहवाल जोडला आहे. जनावराला अपायकारक औषध देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे, म्हणून पोलिसांकडेही अर्ज दिला आहे. ज्यांचं घोडं आत्ता अशा कुणाच्या तबेल्यात आहे आणि ज्यांना भेटायला मनाई केली आहे, त्यांनी उद्या सकाळी उजाडताच तिथे जाऊन यावं.