कोपरी पूल ते माजिवडा: दहा महिने रोज जाऊन-येऊन

नोव्हेंबर 2024 मध्ये आम्ही मुलुंड पूर्वेहून ठाण्यात, घोडबंदर रोडवरच्या मानपाड्याला राहायला आलो. माझी नोकरी विक्रोळीला. तेव्हापासून कापूरबावडी, माजिवडा, कॅडबरी, नितीन कंपनी, तीन हात नाका, कोपरी पूल, आनंदनगर हा माझा रोजचा रस्ता, सकाळी एकदा आणि संध्याकाळी उलटा. घोडबंदरला घर बघणाऱ्या ओळखीच्यांपैकी निम्मे तरी विचारतात, "आता कोपरीचा पूल रुंद झालाय, मग सुटसुटीत असेल ना?" पूल खरंच सुटसुटीत आहे. पुढचं मात्र सावकाश सांगावं लागेल.

आधी पुलाबद्दल. पूर्व द्रुतगती महामार्ग शीवपासून मुलुंडपर्यंत रेल्वेच्या पूर्वेने येतो. नाशिक आणि घोडबंदर रुळांच्या पलीकडे, म्हणजे कुठेतरी रूळ ओलांडणं भागच. ती जागा कोपरीची. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली ती याच वाटेने, आणि आज तिथून मिनिटामिनिटाला लोकल जातात. महामार्ग आठ पदरी झाला तरी पूल चार पदरीच राहिला होता. आठ पदरांतल्या गाड्या चारात शिरायच्या, आणि शिरताना जो तो दुसऱ्याला दाबायचा.

बाबा वागळे इस्टेटमध्ये नोकरीला होते. एमआयडीसीची पहिली औद्योगिक वसाहत ती, 1962 ची. लहानपणी सुट्टीत कधी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून गेले की पुलाच्या चढावर गाडी बंद करून उभं राहायचं, हे मला अगदी नेहमीचं वाटायचं. पहिल्या पाळीला पोहोचायला ते घरातून जितके लवकर निघत, त्यातला बराचसा वेळ त्या एका चढासाठी राखलेला असे.

रुंदीकरणाचं काम 2018 मध्ये सुरू झालं. इतकी वर्षं का लागली, असं लोक वैतागून विचारायचे, मीही विचारायचे. पण खाली चालू रूळ असताना गर्डर टाकायचे तर रेल्वेकडून रात्रीचा ब्लॉक, म्हणजे गाड्या बंद ठेवलेली वेळ, मिळाल्याशिवाय हात लावता येत नाही, आणि मध्ये करोनाही आला. जुना पूल एकदम पाडताही येत नव्हता, कारण दुसरी वाटच नव्हती. म्हणून आधी दोन्ही बाजूंना नवे पूल बांधले, 2021 मध्ये वाहतूक त्यांच्यावर वळवली, मग मधला जुना पूल काढून तिथे नवा बसवला. फेब्रुवारी 2023 मध्ये पूर्ण आठ पदर खुले झाले. पहिल्यांदा बाबांना घेऊन गेले तेव्हा तीन हात नाक्याच्या अलीकडे त्यांनी विचारलं, "कोपरी आलं का गं?" तोवर पूल मागे पडला होता. या कामाला मी मनापासून पैकीच्या पैकी देते.

आता माजिवडा. इथे तीन मोठे रस्ते एकमेकांत गुंततात: मुंबईकडून येणारा महामार्ग, साकेत-खारेगावकडे जाणारा नाशिक महामार्ग आणि घोडबंदर रोड. शिवाय न्हावाशेवा बंदरातून गुजरातकडे जाणारे कंटेनर शिळफाटा, मुंब्रा बायपास, खारेगाव करत इथेच येतात आणि घोडबंदरला वळतात. म्हणजे ज्यांचं ठाण्यात काहीच काम नाही, त्यांनाही ठाण्यातूनच जावं लागतं. अवजड वाहनांना दिवसा ठरावीक वेळेतच सोडतात. ती वेळ सुरू झाली की अडवलेली सगळी रांग एकदम येते, हे मी तिसऱ्या आठवड्यात शिकले. दुपारी सुट्टी टाकून लवकर घरी यायचं असेल, तर हा विचार आधी करा.

कोपरी मोकळी झाल्यावर गाड्या भरभर पुढे येतात आणि कॅडबरीच्या पुढे साचतात. पूर्वी कोपरीचा पूल त्यांना थोड्या थोड्या सोडायचा, आता तो चाप राहिला नाही. उड्डाणपुलाचे फाटे फुटतात तिथे घोडबंदरवाल्याने डावीकडे आणि नाशिकवाल्याने उजवीकडे असायला हवं. नवखा माणूस ऐनवेळी आडवा घुसतो, आणि एक गाडी तिरकी झाली की मागे नितीन कंपनीपर्यंत ब्रेकचे दिवे. माझा नियम: कॅडबरी येण्याआधीच डावी लेन धरायची आणि मग कितीही हॉर्न वाजले तरी सोडायची नाही. (या नाक्यांना कंपन्यांची नावं आहेत हे मला फार आवडतं. गोल्डन डाइज म्हटलं की अजूनही रिक्षावाल्याला पत्ता सांगावा लागत नाही.)

सकाळी सातच्या आत निघाले तर विक्रोळी अर्ध्या तासात. साडेआठला निघाले तर सव्वा तास धरते, त्यातला निम्म्याहून जास्त मानपाडा ते माजिवडा या एवढ्याशा पट्ट्यात जातो. आनंदनगरच्या टोलनाक्यावर मात्र आराम आहे. 14 ऑक्टोबर 2024 च्या मध्यरात्रीपासून हलक्या वाहनांचा टोल बंद झाला, मी त्यानंतरच इकडे आले. मोठ्या गाड्यांच्या रांगेमुळे तिथे वेग कमी होतो, पण थांबावं लागत नाही.

5 जून 2025 ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे (भिवंडीजवळ) हा शेवटचा टप्पा खुला झाला. नागपूरहून 701 किलोमीटर सुसाट आलेली गाडी आमण्याला उतरते आणि पुढे वडपे-माजिवडा रस्त्याला लागते, जिथे चाराचे आठ पदर करायचं काम अजून चालूच आहे. मागच्या महिन्यात शिर्डीहून परतताना आम्हाला शेवटच्या या चोवीसेक किलोमीटरला दीड तास लागला. पावसाने खड्डे पडलेले, त्यात वळवलेल्या लेन. आई मागे बसून देवाचं नाव घेत होती. मोठा रस्ता आधी आणि त्याचं तोंड नंतर, हा क्रम चुकलाच आहे.

हीच भीती मला माझ्या दाराशी वाटते. ठाणे-बोरिवली जोडबोगद्याचं भूमिपूजन जुलै 2024 मध्ये झालं. सुमारे 11.8 किलोमीटरचा हा मार्ग राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून टिकुजिनीवाडीला, म्हणजे आमच्या मानपाड्याला बाहेर येणार. बोरिवलीची माझी मावशी खूश आहे, मीही आहे. छेडानगर ते आनंदनगर आणि पुढे आनंदनगर ते साकेत असे उन्नत मार्गही येणार आहेत, त्यामुळे नाशिकच्या गाड्या वरच्यावर निघून जातील. पण बोगद्यातून येणारी रांग घोडबंदर रोडवर कुठे सामावणार, हे आमच्या सोसायटीच्या गेटवर उभं राहून बघितलं तर मला दिसत नाही. ही रांग सामावून घेणारा जोडरस्ता बोगद्याआधी तयार हवा. सोसायटीच्या पुढच्या सभेत मी हाच विषय मांडणार आहे, आणि शेजारच्या दोन सोसायट्यांनाही बोलावलं आहे.