आईच्या बाथरूममधली दांडी

दांडी भिंतीतून निघाली तेव्हा आई कमोडवरून उठत होती. उजव्या हाताने धरून तिने अंगाचा भार टाकला, आणि दांडी, प्लास्टिकच्या दोन गिट्ट्या आणि मूठभर पांढरा भुगा तिच्या मांडीवर आला. ती पुन्हा कमोडवरच आदळली म्हणून निभावलं. खांदा आठ-दहा दिवस काळानिळा होता. खुब्याच्या ऑपरेशनला तेव्हा नऊ महिने झाले होते.

ती दांडी बसवून घ्यायला आम्ही २,६०,००० रुपये मोजले होते. म्हणजे एकट्या दांडीला नव्हे, 'ज्येष्ठांसाठी सुरक्षित घर' अशा पूर्ण पॅकेजला. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. पण पद्धत लिहिते, कारण ती इतरांवरही वापरली जात असणार.

मी ठाण्याला, भाऊ बंगळुरूला, आईअण्णा पुण्यात वारज्याच्या फ्लॅटमध्ये. आई पहिल्यांदा पडली तेव्हा आमच्यापैकी कुणीच तिथे नव्हतं, आणि कंपनीच्या माणसाने पहिल्या दहा मिनिटांत नेमकं तेच हेरलं. तो वस्तूंबद्दल फार बोललाच नाही. "मॅडम, दुसऱ्यांदा पडल्या तर..." एवढं म्हणून थांबायचा आणि लॅपटॉपवर थ्रीडी चित्रं दाखवायचा. पिवळसर उजेड, लाकडी रंगाच्या टाइल्स, चकचकीत दांड्या. एकूण काम २,४०,००० चं, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,८३,२००. आज बुक केलं तर पडल्यावर आपोआप वाजणारा सेन्सर फुकट. मी व्हिडिओ कॉलवरूनच हो म्हटलं आणि १,७०,००० आगाऊ पाठवले.

दोन दिवसांनी त्यांची 'थेरपिस्ट' आली. पांढरा एप्रन, गळ्यात ओळखपत्र. बारा मिनिटं थांबली. मोबाइलने भिंती मोजल्या, आईला मोजलं नाही. आईची उंची चार फूट नऊ इंच. दांडी लागली जमिनीपासून ३६ इंचांवर, म्हणजे कमोडवर बसल्यावर तिच्या खांद्याच्या उंचीला. तिथे धरून माणूस उठत नाही, लोंबकळतो. पुढे आम्ही एका खऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टना बोलावलं, तेव्हा फरक कळला. त्यांनी आईला पलंगावरून उठून बाथरूमपर्यंत चालायला लावलं, चष्मा न लावता, दिवा न लावता, कारण रात्री ती तशीच जाते. कुठला हात आधी पुढे येतो ते बघितलं. भिंतीकडे बघायची वेळ त्यानंतर आली. अशा माणसाची महाराष्ट्राच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे नोंदणी असते. तो क्रमांक विचारायचा असतो, हे मला तेव्हा सुचलंच नाही.

अण्णांना मात्र सगळं सुचत होतं. ते दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधून रिटायर झाले. दांड्यांचा खोका उघडल्या उघडल्या म्हणाले, "हे ३०४ नाही." कोटेशनमध्ये स्टील ३०४ लिहिलेलं, म्हणजे सहजी न गंजणारी प्रत. फिटरने खिशातून लोहचुंबक काढून दांडीला लावलं, चिकटलं नाही. "बघा काका, ओरिजिनल." मीही फोनवरून म्हटलं, "अण्णा, त्यांना त्यांचं काम करू द्या ना." आता माहीत आहे की चुंबक २०२ नावाच्या हलक्या प्रतीला पण चिकटत नाही. दोन्हीही एकाच घराण्यातली, फक्त २०२ मध्ये महागडं निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं. ते ओल्या बाथरूममध्ये, त्यात पुन्हा फरशी धुवायचं ॲसिड उडत असेल तर, लवकर गंजतं. तिसऱ्या आठवड्यात स्क्रूच्या कडेने तांबूस ठिपके आले. भंगारवाल्यांकडे थेंब टाकून बघायचं औषध असतं, रंगावरून कळतं. अण्णांनी पुढे कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला घरी चहाला बोलावून सहाच्या सहा दांड्या तपासून घेतल्या. सहाही २०२.

स्टीलपेक्षाही घात केला तो गिट्ट्यांनी. आमची भिंत चार इंची सिपोरेक्स ब्लॉकची. वजनाला हलकी, पण आतून ठिसूळ, त्यात साधी गिट्टी भार धरत नाही. अण्णांनी हेही सांगितलं होतं, कारण याच भिंतीवरून एकदा त्यांचं शेल्फ खाली आलं होतं. फिटरने दीड इंची गिट्ट्या ठोकल्या. त्यातली बरीचशी लांबी टाइल आणि प्लास्टरमध्येच गेली. अमेरिकेत अपंगांसाठीच्या नियमांत अशा दांडीने २५० पौंड, म्हणजे साधारण ११३ किलो जोर सोसला पाहिजे असं आहे. आमची दांडी ४८ किलोच्या आईला पुरली नाही. काम झाल्याच्या दिवशी कुणीतरी दांडीला लटकायला हवं होतं. अण्णा म्हणालेही, "लटकून बघ रे." फिटर हसला आणि म्हणाला, सिलिकॉन ओलं आहे, चोवीस तास हात लावू नका. काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही मात्र त्याच दिवशी घेतली, आणि मी ९०,००० सोडले.

टाइल्सचंही तसंच. 'सर्टिफाइड अँटी-स्किड' म्हणून जे लावलं, त्याचा उरलेला खोका माळ्यावर सापडला, त्यावर आर९. पाय न घसरण्याची ही आरची मोजपट्टी ९ पासून १३ पर्यंत असते आणि ९ ही सर्वांत खालची पायरी. शिवाय ती चाचणी तेल लावलेल्या उतारावर बूट घालून करतात. ओल्या फरशीवर अनवाणी पायांसाठी ए, बी, सी अशी वेगळी प्रतवारी आहे, आणि आपल्याकडे बाथरूममध्ये बूट घालून कोण जातं? दुकानात टाइलचा तुकडा मागून त्यावर साबणाचं पाणी ओतायचं आणि चप्पल काढून उभं राहायचं. दुकानदार विचित्र नजरेने बघतो. बघू दे.

सेन्सर म्हणजे एक बेल निघाली, महिना ७९९ रुपये. 'चोवीस तास मदत' होती म्हणून अण्णांनी रात्री दोन वाजता मुद्दाम दाबली. फोन आला दुसऱ्या दिवशी अकराला, हप्ता थकलाय म्हणून.

एक गोष्ट त्यांनी नीट केली, ती सांगायलाच हवी. बाथरूमचं दार आत उघडायचं ते बाहेर उघडणारं केलं. आत पडलेला माणूस दाराला अडला तर बाहेरच्याला आत शिरता येत नाही. हे माझ्या डोक्यातही नव्हतं.

जीएसटीची गंमत शेवटी कळली. बिलावरचा क्रमांक २७ ने सुरू होणारा, म्हणजे महाराष्ट्राचाच, पंधरा अक्षरी, सगळं जागच्या जागी. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करताही क्रमांक टाकून शोधता येतो. टाकला, तर नोंदणी रद्द झालेली, आमच्या बिलाच्या कितीतरी आधी. म्हणजे ४३,२०० रुपये कराच्या नावाने मागितलेले. ही तपासणी दोन मिनिटांची आहे, आणि मी ती पैसे दिल्यानंतर पाच महिन्यांनी केली.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. कंपनीचं उत्तर आलं, 'ग्राहकाने दांडीचा चुकीचा वापर केला.' दांडीचा चुकीचा वापर म्हणजे धरणं असावं. मग जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. आपण मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही दाखल करता येते, त्यामुळे पुण्याला खेटे घालावे लागले नाहीत. मुदत दोन वर्षांची असते. वकिलांनी पहिला प्रश्न विचारला, निघालेली दांडी आणि गिट्ट्या कुठे आहेत? मी म्हणणार होते फेकल्या असतील. अण्णांनी त्या श्रीखंडाच्या डब्यात भुग्यासकट जपून ठेवल्या होत्या, वर तारखेची चिठ्ठी.

नवी दांडी गल्लीतल्या मिस्त्रीने लावली. भिंतीतून आरपार बोल्ट, आणि पलीकडे बेडरूमच्या बाजूला लोखंडी पट्टी. ती कपाटाच्या मागे गेली, दिसतही नाही. आधी आईला कमोडवर बसवलं, डोळे मिटून हात पुढे कर म्हटलं, आणि हात जिथे टेकला तिथे पेन्सिलने खूण केली. खूण आधीच्या भोकांच्या पाच इंच खाली आली. मजुरीसकट एका दांडीचे साडेतीन हजार झाले.

काम संपल्यावर मिस्त्री पैशांसाठी उभा राहिला. अण्णा खुर्ची घेऊन बाथरूमच्या दारात बसले होते. मिस्त्री चांगला नव्वद किलोंचा. त्याने निमूटपणे चप्पल काढली, दोन्ही हातांनी दांडी धरली आणि पाय उचलले. मी श्वास धरून बघत होते. काही हललं नाही.

"आता ते दुसरं टोक," अण्णा म्हणाले.